कडक न झालेला रुमाल

चिआतुरात शेंबूडही काळाच.
त्यात लाजायचं काय?
खाली क्विरिला नदी काळी,
वाळत घातलेल्या चादरींना मँगनीजची किनार,
आणि रोपवेच्या डब्यातून खाणीवर चढलेले पुरुष
उतरताना नाकात चिमूटभर डोंगर घेऊन यायचे.

त्यांच्या वसतिगृहाची धुलाई
माझी मावशी नाझिब्रोला करायची. मी तिच्या हाताखाली,
वय चौदा, नाक मुरडण्यात तरबेज.
सदरे माझे, चादरी दोघींच्या.
रुमाल तिचे.
भिजत टाकण्याआधी एकेक उलगडून
खिडकीच्या उजेडाला धरायची,
जशा शेजारच्या बाया
कॉफीचा कप पालथा घालून गाळात नशीब बघतात.

"नशीब नाही," म्हणायची, "आजचं वर्तमानपत्र आहे हे."

काळा डाग ती वाचतच नसे:
माणूस कामावर गेला होता, एवढंच.
पण पंधरा दिवस गावी द्राक्षं तोडून आलेल्याचा
रुमालही काळाच निघाला, तेव्हा
त्याच्या खोलीचं दार तिने वाजवलं.
हिरव्याला मी घाबरायचे. ती हसायची.
दवाखान्यातल्या लामाराने तिला शिकवलं होतं,
की हा लढाईत पडलेल्या शिपायांचा रंग;
लढाई चालू आहे एवढं कळतं,
कोण जिंकतंय ते रंगावरून कळत नाही.
"दिवस मोज. दहा झाले,
किंवा बरा होता होता पुन्हा पडला,
तर मला सांग. नाहीतर त्याला सूप दे."

जानेवारीत तांबडे धागे यायचे,
शेगडीने हवा सुकलेली असायची म्हणून.
एकाच्या रुमालावर मात्र ते बारा महिने.
बोट कुणाचं ते तिला ठाऊक होतं,
मला नाव सांगितलं नाही.

रखवालदाराची पोर तेओना.
तिचा डाग नेहमी एकाच नाकपुडीचा,
आणि वास असा की साबणाने हात टेकले.
"सर्दी दोन्ही दारांनी येते," मावशी म्हणाली,
"एकाच दारात कुणीतरी अडकलंय."
लामाराने चिमट्याने राजम्याचा दाणा काढला,
फुगलेला, कोंब फुटायच्या बेतात.
आम्ही तीन दिवस हसत होतो.

मग एल्गुजा.
शिडीवरून पडला, कपाळ आपटलं,
एक दिवस झोपला आणि कामावर गेला.
त्या आठवड्यात त्याचे सात रुमाल आले.
मला तर ते स्वच्छच वाटले. पाणी नुसतं.
मी ते न धुताच घडी करणार होते.

मावशीने एक हातात घेतला. चुरगाळला.
दुसरा घेतला. गालाला लावला.
मी तोंड फिरवलं.

"शेंबूड वाळला की रुमाल उभा राहतो,
खळ घातल्यासारखा," ती म्हणाली.
"हे बघ. मऊ."
एकावर रक्ताचा ठिपका होता
आणि त्याच्याभोवती
फिकट पाण्याचं कडं.

एल्गुजा पत्ते खेळत होता.
वाकलास की गळतं का? एकाच बाजूने?
घशात खारट लागतं?
"सर्दी आहे, मावशी!"
सगळी खोली हसली.
"सर्दीला चिकटपणा असतो, बाळा.
हे पाणी नाकाचं नाही. वरच्या मजल्यावरचं आहे."

वरच्या मजल्यावर काय असतं
ते कळायला खोलीला जरा वेळ लागला.
पत्ते तसेच पालथे राहिले.
अॅप्रनच्या खिशात दोन रुमाल,
हातात एल्गुजाची बाही,
ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली,
आणि लामाराने त्याच रात्री गाडी काढून
कुताइसीला.

शरदात तो परत आला, टक्कल करून,
तिच्यासाठी अक्रोडांची पिशवी घेऊन.
जोरात शिंकायचं नाही, असं बजावलं होतं म्हणे.
हे सांगताना तो शिंकला,
आणि आम्ही तिघंही गप्प झालो,
रुमालाकडे बघत.

तिचे स्वतःचे रुमाल
नाझिब्रोला रात्री धुवायची, दिवा न लावता.
सकाळी दोरीवर असायचे ते पांढरे, ओले.
शेवटच्या हिवाळ्यातही
मी ते कधी उजेडाला धरले नाहीत.